बाराव्या आडाची भिंत

मोतीपुरा, चिंचगड (जि. बुलढाणा)
२ एप्रिल २०२५

पुष्पाताई, जय भीम.

माझ्या हातानं झालेल्या वस्तू आधी सांगतो, म्हणजे सही न बघताच पत्र कोणाचं ते कळेल. अख्ख्या मोतीपुऱ्याची सागवानी प्रतिकृती, शंभर फुटांना एक फूट, गटारांच्या उतारासकट. नगरपालिकेच्या बागेचं फाटक. आईला उठताबसता धरायला भिंतीतला दांडा. आडात उतरायची घडीची लोखंडी शिडी. आणि पत्र्याच्या पाट्या, अक्षरं छिन्नीनं ठोकून उठवलेली, रंग उडाला तरी हातानं वाचता येतील अशी. यातलं काही मला कोणी शिकवलेलं नाही. बघितलं, बिघडवलं, परत केलं.

पाट्यांसाठीच लिहितो आहे. तुमच्या कानाला फोन चालत नाही आणि माझं म्हणणं मोबाईलवर मावत नाही, म्हणून पोस्टानं.

दर रविवारी मी लोकांना आपला पुरा दाखवतो हे तुम्हाला ठाऊक असेल. अकोल्याहून, जळगावाहून येतात. फॅब्रिकेशनचं दुकान त्या दिवशी बंद. लोकांना वाटतं जुनी वस्ती म्हणजे पडकी दारं आणि फोटो. मी त्यांना मिठाच्या वखारीच्या भिंतीला हात लावायला सांगतो. लोणारचा खार तिथं साठवत असत. वखार बंद होऊन तीन पिढ्या झाल्या, तरी हिवाळा आला की भिंतीवर पांढरं फुलतं. चाखून बघा म्हणतो. शहाणी माणसं चाखतात. मग वेशीचा दरवाजा दाखवतो. त्याची कडी बाहेरून आहे. वस्तीचा दरवाजा बाहेरून बंद होणारा! सगळे म्हणतात, कारागीर चुकला. कारागीर चुकलेला नाही. आत जनावरांचा बाजार भरायचा आणि राखणदार बाहेर असायचा.

पण सगळ्यात मोठी गोष्ट आडांची. दोन घरांमधली भिंत बरोबर आडाच्या मध्यावरून जाते. अर्धा आड या अंगणात, अर्धा त्या. असे बारा आड मी पुऱ्यात मोजले. भिंत कमानीवर उभी आहे आणि कमानीचा पाय पाण्याच्या वर थांबतो. माणसं अलग, पाणी एक. बादली सोडायच्या आधी हाळी द्यायची, पलीकडून 'ओ' आली की सोडायची, नाहीतर दोन बादल्या खाली भिडतात. पुऱ्यातल्या किती सोयरिकी त्या हाळीवर जमल्या असतील!

अकरा आड असे आहेत. बारावा आपला. तुमच्या माहेरच्या घरात आणि आमच्या घरात जो आहे तो. त्याची भिंत कमानीवर थांबत नाही, थेट पाण्यात जाते. माझा निष्कर्ष असा: तुमचं घर पूर्वी खजिनदाराचं असणार, आणि पाण्यातून कोणी पलीकडून येऊ नये म्हणून भिंत तळापर्यंत नेली. पाटी ठोकून तयार आहे. फक्त तुमच्या बाजूनं एकदा माप घ्यायचं आहे. घराला कुलूप, किल्ली गोकुळभाऊंकडे. तुम्ही त्यांची थोरली बहीण, शब्द टाका. आणि तुमचे बाबा, वामनराव काका, याबद्दल काही बोलले होते का, तेही कळवा.

आपला,
प्रेमानंद


शेगाव
११ एप्रिल

प्रेमानंदभाऊ, नमस्कार.

पाकीटही तुम्हीच केलेलं दिसतं. डिंक इतका की कात्री आणावी लागली.

पत्र वाचून माझं सगळं माहेर डोळ्यांपुढं आलं. ती खारी भिंत मी रोज चाटायचे, शाळेत जाता-येता. आई म्हणायची, "पोरगी हाय का बकरी?" हे पाटीवर लिहू नका.

बाराव्या आडाचं म्हणाल तर भिंत फार जुनी आहे. आजोबांच्याही आधीची. बाबा त्याबद्दल काही बोलल्याचं आठवत नाही. तुमचा खजिनदार खरा असेलही. पण मला वाटतं अकरा आड पुष्कळ झाले. माणसं उन्हात किती उभी राहतील? आपला आड सोडून द्या.

गोकुळ त्या घरात पाहुण्यांच्या मुक्कामाची सोय काढतो आहे. शहरातले लोक जुन्या घरात राहायला पैसे मोजतात म्हणे. दारात बाबांचा मोठा फोटो लावणार, 'वामनस्मृती' नाव देणार. दिवाळीला उघडायचा बेत आहे. तो सध्या त्याच गडबडीत असतो, तेव्हा मापासाठी त्याला छेडू नका एवढीच विनंती.

सिंधूमावशींना माझा नमस्कार सांगा. गुडघे कसे आहेत त्यांचे?

तुमची,
पुष्पांजली


मोतीपुरा
२६ एप्रिल

पुष्पाताई, जय भीम.

आईचे गुडघे तसेच आहेत, जीभ उत्तम आहे.

तुमची विनंती वाचली आणि मान्य केली नाही. बारा आड आहेत तर पाट्या बारा. अकरा पाट्या लावल्या की पहिलाच पाहुणा विचारणार, बारावा कुठं आहे? मग मी काय सांगू, ऊन फार होतं?

गोकुळभाऊंना मी छेडलं नाही. ते स्वतःच आले होते, फरशीवाल्याला घेऊन. मी दुकानातून उठून गेलो. म्हटलं, तुमच्या बाजूनं आडाचं माप घेऊ द्या. ते म्हणाले, "प्रेमानंदभाऊ, त्या आडावर मी काच टाकून राह्यलो. खालून लाइट सोडतो. लोक वर बसून चहा पितील. तुमी माप कायचं घेता, फोटो घ्या!" आणि खांद्यावर हात ठेवून मला दारापर्यंत सोडलं. माणूस गोड आहे. पण दोघं भावंडं एकाच आडापासून मला लांब नेता आहात, हे माझ्या लक्षात आलं आहे. अंदाज सांगू का? खजिनदाराचं घर म्हटलं की पुरातत्त्व खात्याची माणसं येतील, काच टाकता येणार नाही, अशी भीती गोकुळभाऊंना आहे.

हरकत नाही. अर्धा आड माझा आहे. माझ्या बाजूनं मी कोणाला न विचारता उतरू शकतो. मे महिन्यात पाणी तळाला जातं. उरलेलं पंपानं काढीन आणि भिंतीचा पाया बघीन. शिडी तयार आहेच.

प्रेमानंद


शेगाव
२ मे

प्रेमानंदभाऊ,

घाईत लिहिते. आडात उतरू नका. वय काय, वजन काय! आत हवा कशी असेल सांगता येत नाही. सिंधूमावशींनी या वयात काय काय बघायचं? मला वचन द्या.

पुष्पांजली


मोतीपुरा
१८ मे

पुष्पाताई, जय भीम.

तुमच्या पत्रानं गहिवरून आलं. बहिणीनं लिहावं तसं लिहिलंत. वचन दिलं नाही, कारण पत्र पोचलं तेव्हा पंप सुरू झाला होता.

हवेची काळजी मी घेतली होती. आधी कंदील सोडला, तो तेवत राहिला. कमरेला दोर, वर दोन माणसं, शिडी माझी. घडलं ते क्रमानं सांगतो.

पंप लावला तर पाणी उतरेना. अर्ध्या आडात पाणी ते किती? मी हिशोब मांडला होता, न्याहारीपर्यंत तळ दिसायला हवा. जेवायची वेळ झाली तरी पाणी अर्ध्यावर. पंपवाल्यावर ओरडलो, तुझा पंप पाणी पितो का देतो? तो बिचारा पट्टा बघतो, पाईप बघतो. तेवढ्यात दारावर थापा. गोकुळभाऊंचा राखणदार राम, हातात रिकामी बादली.

"प्रेमानंदभाऊ! तुमी काय करून राह्यले?"

"आड उपसतोय. काऊन?"

"आमच्या आडातलं पाणी कुठं गेलं मंग? फरशीवाला सिमिट कालवून बसला, मी बादली सोडली तं खालून चिखल आला! तुमी तुमचं उपसा नं, आमचं काऊन उपसता?"

"अरे मधात भिंत आहे तळापर्यंत."

"भिंत असन. पाणी नाही नं!"

पंपवाला हसायला लागला. माझ्यावरच हसत होता, पण त्यानं पट्टा बघणं सोडलं.

मी खाली उतरलो. ताई, वरची भिंत दगडाची, चुन्याची, दोनशे वर्षं जुनी म्हणा. ती कमानीवर थांबते, बाकी अकरा आडांसारखीच. कमानीच्या पोटात खालपर्यंत जे बांधकाम आहे ते भट्टीच्या विटेचं आहे, सांधे सिमेंटचे. खजिनदाराच्या काळात सिमेंट नव्हतं. आणि अगदी तळाशी, शेवाळाखाली, विटांत एक चौकोनी भोक आहे. पडलेलं नाही. ठेवलेलं आहे. वर नीट दगडी पट्टी टाकली आहे, कडा घासून साफ केल्या आहेत. घागर आरपार जाईल एवढं. मी हात घातला, तुमच्या बाजूचा गाळ माझ्या हाताला लागला.

पाटी क्रमांक बारा मी रद्द केली आहे. माझं अनुमान चुकलं नव्हतं, मला मिळालेली माहिती चुकीची होती. आजोबांच्या आधीची भिंत, असं तुम्ही लिहिलं होतं.

आमच्या वडिलांनी हे घर तेलाच्या व्यापाऱ्याकडून घेतलं ते १९७४ साली. एस.टी.त वाहक होते, धाड-बुलढाणा गाडीवर. आम्ही इथं आलो तेव्हा मी दोन वर्षांचा, तुम्ही सहा. मला आठवत नाही. तुम्हाला आठवत असणार.

विटा कधीच्या आहेत, ताई?

प्रेमानंद


शेगाव
३० मे

प्रेमानंदभाऊ,

या पत्राचे चार कागद फाडले, हा पाचवा.

मी दोनदा खोटं लिहिलं. भिंत जुनी आहे हे एकदा, आणि तुमच्या वजनाची काळजी हे दुसऱ्यांदा. काळजी नव्हती असं नाही, पण पत्र लिहिलं ते त्यासाठी नाही. तुम्ही बहिणीसारखी म्हणालात तेव्हा जेवण गेलं नाही.

विटा १९७४ च्या उन्हाळ्यातल्या. तुमचं सामान आलं, गाडीतून पहिल्यांदा बुद्धाची मूर्ती उतरली, मग भांडी. त्याच आठवड्यात बाबांनी उकंडराव मिस्त्रीला बोलावलं. आम्हाला सांगितलं, बादल्या भिडतात म्हणून भिंत खाली न्यायची. तेलवाल्यांच्या बादल्या इतकी वर्षं भिडत होत्या, तेव्हा कोणाला काही वाटलं नव्हतं. मी सहा वर्षांची असले तरी तेवढं मला कळलं.

डिझेल इंजिन लावून आड उपसला. मी आईला चिकटून काठावर उभी होते. मिस्त्री आतून ओरडला, "मालक, खाली भोक ठेवा लागते."

बाबा म्हणाले, "भोक कायले?"

"पाण्याचे झिरे आपल्याच अंगानं हायेत. पावसाळ्यात इकडून पाणी चढन, तिकडं चढणार नाही. तेवढा जोर भिंत सोसत नाही. झोपून जाईन."

"भोक ठेवलं तं मंग भिंतीचा फायदा काय?"

"फायदा तुमाले ठाऊक, मालक. मी भिंत उभी राह्यची गोष्ट करून राह्यलो."

बाबा बराच वेळ पायातली वहाण काढत-घालत राहिले. मग म्हणाले, "ठेव. पण वरून दिसलं नाही पाह्यजे." आणि आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. जन्मभर हसली. सणावाराला बाबा सोवळं नेसून त्या आडाच्या पाण्यानं देव धुवायचे, आणि आई, म्हणजे तुमच्या झुंबरकाकू, भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

हाळी द्यायची सवय तिची गेली नाही. भिंत झाल्यावर हाळीची गरज उरली नव्हती, तरी ती "सोडू का वो?" म्हणून ओरडायचीच. आणि भिंतीवरून सिंधूमावशींची 'ओ' यायची. बाबा जेवत असले की त्यांचा घास थांबायचा.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. शाळांना, देवळाला खूप दिलं त्यांनी, तुम्हीही जाणता. दिवाळीला दारात त्यांचा फोटो लागणार आणि शेजारी तुमची पाटी, या विचारानं मी घाबरले. म्हणून लपवलं.

आता सांगते. पाटी दोन दारांच्या मध्ये लागेल आणि ती भिंत निम्मी आमची आहे. घर माझ्या आणि गोकुळच्या नावावर आहे. माझी परवानगी सोबत जोडली आहे, सहीसकट. पाटीवर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. मी फक्त एक मागते. बाबांचं नाव गाळू नका. तुम्ही सभ्य माणूस, 'शेजाऱ्यांनी' असं लिहाल. मग येणारे जाणारे पुऱ्यातल्या कोणाच्याही बापाकडे बोट दाखवतील. आमच्या बाबांनी केलं, तर त्यांच्याच नावावर राहू द्या.

पुष्पांजली


मोतीपुरा
२१ जून

पुष्पाताई, जय भीम.

पत्र आईला वाचून दाखवलं. सोवळ्याच्या जागी ती हसली, हाळीची जागा परत वाचायला लावली. मी म्हटलं, आई, पन्नास वर्षं आपण दोन्ही घरं एकच पाणी पीत होतो, ते आज कळलं.

"तुले आज कळलं," ती म्हणाली. "मले तवाच कळलं होतं. त्याईच्या घरी लग्न होतं. दिवसभर पाणी उपसून राह्यले. संध्याकाळी माझ्या बादलीले दोर पुरे ना."

"मग कोणाले सांगितलं काऊन नाही?"

"कोणाले सांगू? आयकलं असतं तं त्याईनं भोक बुजवलं असतं. माझं पाणी गेलं असतं, त्याईची भिंत गेली असती. झुंबरबाईले ठाऊक होतं, मले ठाऊक होतं. झालं की."

मी पुऱ्याचा कोपरान् कोपरा मोजला, ताई. आईला मात्र कधी विचारलं नव्हतं. आता रोज विचारतो. कंटाळून म्हणते, "जा बे, दुकानावर जा."

पाटी झाली. मजकूर कळवतो, कारण परवानगीवर तुमची सही आहे:

'आड क्रमांक १२. दोन घरांचा. वरची भिंत मूळची, कमानीपर्यंत. कमानीखालची भिंत १९७४ मध्ये वामनराव यांनी बांधून घेतली, कारण शेजारी बौद्ध कुटुंब राहायला आले. काम उकंडराव मिस्त्री यांचे. भिंतीच्या तळाशी मिस्त्रींनी भोक ठेवले. पाणी दोन्ही घरांना तेच होते. हे सिंधूबाई आणि झुंबरबाई यांना माहीत होते.'

शेवटची ओळ मी घातली. 'शेजाऱ्यांनी' लिहिणार होतो, हे तुम्ही कसं ओळखलं माहीत नाही. जुनी अक्षरं ठोकून सपाट केली आणि त्याच पाटीची पाठ वापरली, पत्रा वाया घालवला नाही. शनिवारी सकाळी चार खिळ्यांवर लावली. माझ्या बाजूला दोन, तुमच्या बाजूला दोन. ओळंबा धरून.

रविवारी सतरा माणसं होती. सगळ्यांनी पाटी वाचली. मग नांदुऱ्याच्या एका बाईंनी विचारलं, हाळी कशी द्यायच्या? आई ओट्यावर बसली होती. तिनं दिली. राम तुमच्या अंगणातून 'ओ' म्हणाला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी गोकुळभाऊ आले. पाटी दोनदा वाचली.

"ताईनं सही देल्ली?"

"दिली."

"मले विचारलं नाही."

"तुमच्या वाटणीच्या भिंतीत निम्मी ताईची. तुमच्या निम्म्यात खिळा नाही, माप घेऊन ठोकले आहेत."

"प्रेमानंदभाऊ, गिऱ्हाईक माझ्याकडं झोपायले येईन का हे वाचायले येईन?"

"वाचून झोपेल."

ते हसले. खरंच हसले, झुंबरकाकूंसारखंच. मग ओट्यावर बसले, आईच्या हातचा चहा घेतला, आणि फोटोचं काय करू, असं मलाच विचारलं. मी म्हटलं, लावा. माणूस एक होता, त्याचं हे पण आणि ते पण. त्यांनी चहा संपवला. मग उठून व्यवहाराचं बोलले. आमचं घर त्यांना घ्यायचं आहे, म्हणजे आड पूर्ण त्यांचा होईल, भिंत काढून मोठी काच टाकता येईल आणि पाटीची गरजच उरणार नाही. भाव बाजाराच्या दुप्पट आहे, हे मीही मान्य केलं. कागदावर आकडा लिहून, सही करून, त्यांनी तो आईपुढं ठेवला. आईनं माझ्याकडं सरकवला.

तुम्ही शेजारच्या घराच्या निम्म्या मालक, म्हणून तुमच्या माहितीसाठी कळवतो: आमचं घर आणि अर्धा आड यांचे त्यांनी देऊ केलेले, आणि मी तिथल्या तिथं नाकारलेले, एकेचाळीस लाख रुपये.

प्रेमानंद